परळीचे ३० मेगावॅट आणि मंठ्याची मोटार

मंठा तालुक्यात कापूस, सोयाबीन, तूर पावसावर निघतात. रब्बीच्या गहू-हरभऱ्याला मात्र विहिरीचे पाणी लागते आणि विहिरीतून पाणी उपसायला थ्री फेज लाईट. तालुक्यात कोळशावरचे वीजकेंद्र नाही. मराठवाड्यात महानिर्मितीचे औष्णिक केंद्र एकच आहे. मंठ्याच्या दक्षिणेला, दुधना आणि गोदावरी ओलांडून गेल्यावर, बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथला.

सुरुवात छोटी होती

१९७१ च्या सुमारास राज्य वीज मंडळाने परळीत प्रत्येकी ३० मेगावॅटचे दोन संच उभे केले. आज एवढा संच कुणाच्या नजरेत भरणार नाही. पण हिशेब करून पाहा. केंद्राच्या स्वतःच्या पंखे-पंपांना साधारण दहावा हिस्सा लागतो, म्हणजे बाहेर पडतात २७ मेगावॅट. पाच अश्वशक्तीची मोटार चार-साडेचार किलोवॅट ओढते. तारांमधली गळती सोडून दिली तर एका संचावर एका वेळी सहा हजार मोटारी चालू शकत. विहिरीवर इंजिन किंवा मोट चालवणाऱ्या मराठवाड्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

१९८० ते १९८७ दरम्यान २१० मेगावॅटचे तीन संच आले आणि २००७ नंतर २५० मेगावॅटचे तीन. जुने सगळे आता निवृत्त झाले. उरलेल्या तिघांची मिळून क्षमता ७५० मेगावॅट आहे.

बॉयलरपासून डीपीपर्यंत

कोळशाची भुकटी जाळून पाण्याची वाफ करायची, त्या वाफेने टर्बाइन फिरवायचे आणि टर्बाइनने जनित्र. तयार झालेली वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांत शिरली की ती परळीची की चंद्रपूरची हे सांगता येत नाही. सारा देश आज एकाच ग्रीडवर आहे. मग जवळच्या केंद्राचा उपयोग काय? वीज फार लांबून आणली की गळती वाढते आणि टोकाला दाब पडतो. कमी दाबावर चालणाऱ्या मोटारीचे वाइंडिंग जळते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वाटेत चालू असलेले केंद्र आसपासच्या वाहिन्यांचा दाब सावरून धरते.

कोळसा परका, पाणी घरचे

परळीच्या आसपास कोळशाची खाण नाही. चंद्रपूर-वणी पट्ट्यातून आणि तेलंगणातल्या सिंगरेणीतून कोळसा रेल्वेने येतो. २५० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला ६० लाख युनिट देतो आणि त्यासाठी अंदाजे चार हजार टन कोळसा जाळतो.

कोळसा पैसे मोजून आणता येतो. पाणी मात्र मराठवाड्याचेच जाते, आणि माझ्या मते परळीचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. २०१५ च्या केंद्रीय नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्राने एका मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त साडेतीन हजार लिटर पाणी वापरावे. या हिशेबाने एकच संच दिवसाला दोन कोटी लिटरच्या वर पाणी पितो. त्यातले बहुतेक थंड करण्याच्या मनोऱ्यांतून वाफ होऊन उडून जाते.

हे पाणी गोदावरीचे आहे. सोनपेठ तालुक्यातला खडका बंधारा, माजलगाव धरण आणि वर पैठणचे जायकवाडी, हे परळीचे आधार. जायकवाडीवर जालना शहराची तहानही अवलंबून आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत हे पाणी आटले आणि ११३० मेगावॅटचे सगळे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे धडधाकट होती, माणसे होती. २०१५ च्या पावसाळ्यानेही दगा दिला आणि केंद्र पुन्हा थंड पडले. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दिवसांत बॉयलरसाठी पाणी मागणार तरी कोण?

नागपूरजवळच्या कोराडी आणि खापरखेडा केंद्रांना शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मिळते. हा उत्तम मार्ग आहे, पण परळीच्या शेजारी नागपूरएवढे शहर नाही.

राख

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असते. सिमेंट, विटा, रस्त्यांचा भराव यांत ती कामी येते. पण ती वाहून नेताना उडते, आणि राखतळ्याजवळच्या गावांच्या पिकांवर व फुप्फुसांत बसते. राज्याला वीज मिळते आणि हा त्रास मात्र त्या गावांच्या वाट्याला येतो. हे अन्यायाचे आहे.

स्वस्त आधी, महाग नंतर

कोणते केंद्र कधी चालवायचे हे प्रामुख्याने इंधनखर्चावर ठरते. खाणीजवळची केंद्रे आधी चालतात. परळीचा कोळसा लांबून येतो, म्हणून मागणी उतरली की तिथले संच लवकर थांबवले जातात. मागणी चढली की पुन्हा त्यांची आठवण होते. जालन्याच्या स्टील भट्ट्यांसारखे मोठे ग्राहक रात्रीही वीज खेचतात. त्या वेळी सौर पॅनेल काही देत नाही.

दुपारचे ऊन

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जागेवर छोटे सौर प्रकल्प उभे राहतात आणि त्यांची वीज शेतीच्या फीडरला जाते. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा प्रकल्प अवघा तीन मेगावॅटचा आहे. त्याला ना कोळसा लागतो ना गोदावरीचे पाणी. काळोखात साप-विंचवाच्या भीतीत बारे देणाऱ्या माणसाला दिवसा लाईट मिळणे, हा या योजनेचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

शेतीचा भार दुपारी सरकला की परळीकडे संध्याकाळ आणि पहाट उरते. मात्र कोळशाचा संच बटण दाबून चालू-बंद होत नाही. थंड पडलेला बॉयलर तापायला बरेच तास लागतात, म्हणून दुपारीही त्याला साधारण ५५ टक्क्यांवर तेवत ठेवावे लागते. तेव्हा परळीत नवा संच मागण्यापेक्षा आहेत ते तीन आणखी खाली उतरवता येतील आणि कमी पाण्यावर चालतील, यावर पैसा खर्च व्हावा. संध्याकाळसाठी साठवणुकीच्या बॅटऱ्या मंठा-परतूरच्या उपकेंद्रांवरच बसवता येतील.