नादारीचा अर्ज : ऐकीव आणि वास्तव

लोणावळ्याच्या बाजारपेठेत आषाढ-श्रावणात जी गर्दी लोटते, तिच्यावरच वर्षाची बेगमी करणाऱ्या एखाद्या चिक्कीवाल्याची कल्पना करावी. लागोपाठ दोन हंगाम बुडाले, गाळ्याचे भाडे तुंबले, आणि फडक्यात बांधलेल्या दप्तरात गूळवाल्याची बिले, पतसंस्थेचे मागणीपत्र, बँकेची नोटीस व मेहुण्याच्या जामिनावर काढलेल्या कर्जाचे कागद एकत्र साचले, की त्याला दोन प्रकारचे हितचिंतक भेटतात. एक म्हणतो, ‘नादारीचा अर्ज टाक, एका फटक्यात मोकळा होशील’; दुसरा म्हणतो, ‘दिवाळे काढलेस तर घराण्याला बट्टा लागेल, शिवाय तुरुंग पाहशील’. दोघांचाही स्वर ठाम असतो आणि कायदा दोघांनीही वाचलेला नसतो.

पहिला घोटाळा कायदा कोणता, येथूनच सुरू होतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचे नाव वर्तमानपत्रांतून कानी पडलेले असते. परंतु तिच्यातील व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. आमच्या चिक्कीवाल्याला लागू पडतो तो 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम. मुंबई शहरात राहता तर 1909 चा निराळा कायदा लागला असता. अर्ज करावयाचा तो जिल्हा न्यायालयात, म्हणजे पुण्यास, किंवा शासनाने तसा अधिकार दिलेल्या खालच्या न्यायालयात. त्यासाठी देणे किमान 500 रुपये असावे, अशी शंभर वर्षांपूर्वीची अट आजही कागदावर आहे आणि ती वाचून हसू आवरत नाही. देणे त्याहून कमी असले तरी हुकूमनाम्याच्या बजावणीत अटक वा जप्ती झालेली असल्यास अर्ज चालतो.

नादारी ही आपल्याकडे नवी परकी गोष्ट आहे, असे मानणाऱ्यांनी याच पुणे जिल्ह्याचा इतिहास आठवावा. 1875 साली सुपे येथे रयतेने सावकारांच्या वह्या जाळल्या, तो वणवा शेजारच्या मुलखात पसरला, आणि 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कैद करण्याची चाल बंद केली. इतकेच नव्हे, तर पन्नास रुपयांवर देणे असलेल्या शेतकऱ्याला नादारीसाठी अर्ज करण्याची वाट दिली. मावळातल्या भातशेतीवर जगणाऱ्या कुणब्याचाही त्यात समावेश होता. तेव्हा बट्ट्याची भीती घालणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

तुरुंगाची भीतीही अर्धीच खरी आहे. केवळ पैसा नाही म्हणून दिवाणी कैद होत नाही. ऐपत असून देणे चुकवणारा, मिळकत लपवणारा किंवा पळून जाऊ पाहणारा यांच्यापुरतीच ती आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात, नुसते न फेडणे पुरेसे नाही, त्यामागे वाईट हेतू दिसला पाहिजे, असा निर्वाळा दिला. पण गूळवाल्याला दिलेला धनादेश वटला नसेल, तर तो फौजदारी मामला आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि नादारीचा हुकूम तेथे ढाल होत नाही.

म्हणून अर्जापूर्वी ते दप्तर सोडून कागदांचे ढीग करावेत. गूळवाल्याची उधारी, पतसंस्थेचे विनातारण कर्ज, हातउसने हे एका ढिगात; नादारीचा खरा उपयोग यांच्यावरच. बँकेकडे गहाण टाकलेले घर दुसऱ्या ढिगात. तारणधारक धनको आपले तारण विकून पैसे वसूल करू शकतो, त्याचा हात नादारीने धरता येत नाही. सरकारी देणे, लबाडी करून घेतलेले कर्ज आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी ही नादाराची मुक्तता झाल्यावरही शिल्लकच राहतात. आणि सर्वांत दुखणारा ढीग मेहुण्याचा: ऋणको सुटला तरी जामीनदार सुटत नाही, उलट धनकोची सारी नजर त्याच्याकडे वळते. पुष्कळांचा निर्णय या एका कागदापाशी अडतो, आणि माझ्या मते तो तेथे अडावाच. मेहुण्याशी बोलणे अर्जानंतर नव्हे, आधी झाले पाहिजे.

‘अर्जाआधी दुकान बायकोच्या नावे कर’ हा सल्ला तर घातकच. नादारीचा अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्याविना केलेले हस्तांतर रद्द होऊ शकते; एकाच धनकोला झुकते माप देऊन तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज दाखल झाला, तर तो व्यवहारही टिकत नाही; आणि मिळकत दडवणे हा गुन्हा आहे. सारेच जाते, हेही मात्र खोटे. मिळकत न्यायालयाच्या वा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व बैल यांना दिवाणी संहितेनेच जप्तीतून वगळले आहे. गूळ आटवण्याची कढई ही कारागिराचे हत्यार की दुकानाचा माल, यावर मात्र वकील खुशाल अर्धा दिवस भांडू शकतील.

अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता व रक्कम लिहावी लागते, मिळकतीची यादी द्यावी लागते, आणि ती सारी न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी नमूद करावी लागते. बहुसंख्य धनको, ज्यांचे येणे एकूण सिद्ध येण्याच्या तीन-चतुर्थांश आहे, राजी झाले तर तडजोडीची वाटही मोकळी असते. परंतु नादार ठरवल्याचा हुकूम हातात पडला म्हणजे देणे संपले, या समजुतीने अनेकांचा घात होतो. त्या हुकुमातच मुक्ततेच्या अर्जासाठी एक मुदत घातलेली असते. मुक्तता होईपर्यंत मिळालेली मिळकत, वडिलांकडून वारशाने आलेला जमिनीचा तुकडासुद्धा, रिसीव्हरकडे जाते. आणि आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपयांची उधारी केली तरी ती शिक्षेस पात्र ठरते. मुदतीत दुसरा अर्ज केला नाही, तर पहिला हुकूम रद्द होतो, आणि गूळवाला पुन्हा दुकानाच्या पायरीवर येऊन बसायला मोकळा होतो.