खिडकीची पाळी

बाबांची नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, बिऱ्हाड बोईसरला आणि दारात जुनी फियाट. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ताई शिकायला मुंबईला गेली तोवर, सुट्टी लागली की आम्ही भावंडं त्या गाडीच्या मागच्या सीटवर. आम्ही तिघं, खिडक्या दोन. रोजची भांडणं मिटवायला ताईने नियम केला: खिडकीची पाळी बदलायची ती ठरलेल्या ठिकाणीच. पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड. महामार्गाला लागलो की सूर्या नदीचा पूल, मग चारोटी नाका. पुढचं ठिकाण कधी येतंय याकडे मधल्याचं डोळ्यांत तेल घालून लक्ष असे. आपला मुलूख आम्हाला पाठ झाला तो असा.

वाघोबा खिंडीत बाबा थांबायचेच. रस्त्यालगत वाघोबाचं देऊळ, आसपास माकडं. येणारेजाणारे गाडीतूनच हात जोडत, कुणी उतरून नारळ वाढवी. "वाघ अजून आहे का गं?" धाकटा दरवेळी विचारायचा. आई म्हणायची, "आहे असं समजूनच चालायचं." वारली माणसं वाघबारशीला त्याची पूजा करतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पण रान आपल्या मालकीचं नाही, ही जाणीव तिथल्या त्या दोन मिनिटांत झाली होती.

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरे. चारोटीच्या पुढे माणसांची रीघ लागलेली असायची; रानातल्या पाड्यांवरून आलेली कुटुंबं, किनाऱ्यावरचे मांगेले, गुजरातेतून आलेले भाविक. आम्हाला पाळणे हवे असत, आईला पावसाळ्याची बेगमी. परतीला डिकीत सुके बोंबील असले की खिडकीचा भाव एकदम वाढे आणि ताईचे नियम कडक होत.

सगळ्यात लाडका मात्र समुद्राकडचा रस्ता. बोईसर सोडलं, कारखान्यांचा उग्र वास मागे पडला की तारापूर, चिंचणी, मग वरोर, वाढवण करत डहाणू. माडांमधून, सुरूंमधून समुद्र दिसायचा, मध्येच लपायचा. डहाणूच्या बाजूला चिकूच्या वाड्या लागत. इकडे एवढे कारखाने आणि तिकडे वाड्याच वाड्या, असं का? तेव्हा हा प्रश्न आम्हा कुणालाच पडला नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि तिथल्या उद्योगांवर मर्यादा आल्या. आमच्या बालपणातला तो हिरवा पट्टा टिकला त्यात या एका अधिसूचनेचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

त्या दिवसांबद्दल बोलताना एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. महामार्ग तेव्हा अरुंद होता, समोरून ट्रक अंगावर आल्यासारखे येत, आणि आम्ही मुलं मागच्या सीटवर उभी राहून डोकं बाहेर काढत असू. पट्टा वगैरे कुणाच्या मनातही नसे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ त्याच सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. दोघेही मागच्या सीटवर होते, पट्टा न लावता. बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही तिघं फोनवर बराच वेळ बोललो. आता आमच्यापैकी कुणाच्याही गाडीत मागच्या मुलांनी पट्टा लावल्याशिवाय चावी फिरत नाही.

१ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून निघून पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. महामार्ग रुंदावला, आठच्या जागी अठ्ठेचाळीस असा त्याचा क्रमांकही बदलला. ३० ऑगस्ट २०२४ला किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. इथल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला आहे आणि त्यांची काळजी मला खरी वाटते, कारण समुद्रात भर पडली की पहिला फटका त्यांच्या जाळ्याला बसणार. ताईचं म्हणणं आहे की बंदराचं काम वाढायच्या आत यंदा दिवाळीत सगळ्या मुलांना घेऊन चिंचणी ते डहाणू किनाऱ्याने जायचं. धाकट्याने मोठी गाडी ठरवली आहे. पाळी कुठे बदलायची, याची यादी ताईने आधीच पाठवली आहे. वरोर आणि वाढवण तिने त्यात नव्याने घातली आहेत.