शीर दिसते, जंतू दिसत नाहीत

‘मानेच्या शिरेत नळी घालावी लागेल, येथे सही करा,’ हे शब्द अतिदक्षता विभागाच्या दारात ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना त्या क्षणीची घालमेल आम्ही सांगावयास नको. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी ही नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, पुष्कळदा अपरिहार्य असते. पूर्वी डॉक्टर शरीरावरील खुणा चाचपून सुई घालीत. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर पाहत घालतात. टोचणे कमी होते, शेजारची धमनी चुकविणे सोपे जाते.

परंतु त्या पडद्यावर जंतू दिसत नाहीत. आम्हांस येथे आजीचे सोवळे आठवते. त्या सोवळ्यातले अन्याय निराळे. घ्यावयाचा तो केवळ नेम, की ओवळ्यास स्पर्श झाला तर सारे पुन्हा करावयाचे. टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा व हातमोजे, रुग्णाच्या अंगभर निर्जंतुक चादर, असा सारा जामानिमा होतो, आणि सोनोग्राफीचा प्रोब मात्र घटकेपूर्वी दुसऱ्याच कोणाच्या पोटावरून फिरलेला! म्हणून तो स्वच्छ करून त्याच्यावर व त्याच्या तारेवर लांब निर्जंतुक आवरण चढवावे लागते. जेलही निर्जंतुक, एकदाच वापरावयाच्या पुडीतले हवे. नेहमीच्या बाटलीतले चालत नाही. २०२१ साली अमेरिकेत दूषित जेलमुळे रुग्णांना बर्खोल्डेरिया जंतूंचा संसर्ग झाल्याचे उघडकीस आले आणि ते जेल बाजारातून परत मागवावे लागले.

बाकीचे उपाय जुनेच आहेत. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच गोष्टींचा आग्रह धरला : हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, जांघेतील शीर शक्यतो टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. दर हजार नळी-दिवसांमागे रक्तातील संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ होते, ते दीड वर्षात १.४ वर आले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. आमच्या मते त्यातील खरी नवी गोष्ट एकच. तातडीची वेळ नसेल आणि पायरी चुकली, तर परिचारिकेने डॉक्टरांस थांबवावे, असा तेथे नियमच होता. आपल्याकडे हे कितीजणींना साधेल?

घरच्या माणसांच्या हाती प्रोब नसतो. पण सकाळच्या फेरीस डॉक्टर आले की, ‘डॉक्टरसाहेब, ही नळी आज अजून लागेल का?’ एवढे नम्रपणे विचारता येते. पट्टी सुटलेली वा ओली दिसली, तर स्वतः हात न लावता परिचारिकेस हाक मारावी.