रिव्हेटच्या होडीची गळती

ॲल्युमिनियमच्या लहान होडीत पाणी येते ते बहुधा पत्रा फुटल्याने नव्हे, तर पत्रे सांधणारे रिव्हेट सैल झाल्याने. उत्तर अमेरिकेतील तळ्यांवर मासेमारीसाठी अशा होड्या सर्रास वापरतात. दुसऱ्या महायुद्धात नौदलाला लढाऊ विमाने पुरवणाऱ्या ग्रुमन कंपनीने १९४५ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या कॅनू बनवायला घेतल्या आणि विमानाचा पत्रा सांधण्याची रीत होडीला लागू केली. पत्रा साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. होडी हलकी आणि टिकाऊ असते, आणि तिची किरकोळ गळती मालकाला स्वतःच, थोड्या खर्चात थांबवता येते. त्यासाठी गळतीचे कारण मात्र आधी नेमके कळायला हवे.

लाटांचे तडाखे, इंजिनाची थरथर आणि ट्रेलरवरून नेताना बसणारे धक्के यांमुळे रिव्हेट हलू लागतो व त्याचे भोक झिजून मोठे होते. लाकडी होडीच्या फळ्या पाण्यात फुगतात आणि बारीक फटी आपोआप बुजतात. धातू फुगत नाही, त्यामुळे इथे फट दिवसेंदिवस वाढतच जाते.

दुसरे कारण झीज. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो व तोच त्याचे रक्षण करतो. पण पाण्यात तांब्याशी संपर्क आला की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. तळाशी पडून राहिलेले तांब्याचे नाणेसुद्धा कालांतराने पत्र्याला टाचणीएवढे छिद्र पाडू शकते. वाळवी व बुरशी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेले लाकूड आणि तांबेयुक्त रंगही म्हणूनच या होडीला वर्ज्य आहेत. अशा लाकडाच्या नव्या फळ्या बसवल्याने जुन्या होडीचा तळ बिघडू शकतो.

शोधाची सुरुवात पाणी काढून टाकण्याच्या बुचापासून करावी. त्याचे रबर कडक झाले असेल, तर नवे बूच घालण्याने काम भागते. मागच्या फळीवर यंत्रे बसवताना पाडलेली स्क्रूची भोकेही तपासावीत. त्यानंतर होडी ट्रेलरवर घेऊन आत आठ-दहा सेंटिमीटर पाणी भरावे आणि बाहेरून पाहावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हे ध्यानात ठेवून तळाला जागोजागी भक्कम आधार द्यावा, नाहीतर तपासणीतच सांधे उघडतील. आतले पाणी फळीखालून वाहत भलत्याच ठिकाणी साचते. बाहेरचा थेंब मात्र गळतीची जागा बऱ्यापैकी अचूक दाखवतो. खूण खडूने करावी. पेन्सिलीतले ग्राफाइटही ॲल्युमिनियमला बाधते.

सैल रिव्हेटवर नुसता सीलंट थापणे हा सर्वांत जास्त होणारा आणि सर्वांत निरुपयोगी इलाज आहे. रिव्हेट हलत राहतो आणि थर सुटतो. त्याऐवजी एकाने रिव्हेटच्या बाहेरच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा टेकवावा, दुसऱ्याने आतल्या टोकावर हातोडीचे मोजके ठोके द्यावेत. रिव्हेट पुन्हा घट्ट बसतो आणि खर्च जवळजवळ शून्य. भोकच मोठे झाले असेल तर जुना रिव्हेट ड्रिलने काढून एक माप मोठा, ॲल्युमिनियमचा भरीव रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून ठोकावा. आतून हात पोहोचत नसेल तर बंद टोकाचा पॉप रिव्हेट चालतो. उघड्या टोकाच्या रिव्हेटमधून पाणी मधल्या भोकातून येतच राहते.

रिव्हेट घट्ट झाल्यावरच लेपाचा विचार करावा. साधे सिलिकॉन धातूवरून लवकर सुटते आणि त्याच्या अंशावर पुढे दुसरे काही चिकटत नाही. सांध्यांसाठी पॉलियुरेथेन सीलंट, तर बारीक छिद्रांसाठी व रिव्हेटच्या रांगांसाठी आतून एपॉक्सी चांगली. जागा ॲसिटोनने पुसून स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या ब्रशने घासावी आणि लगेच एपॉक्सी लावावी, कारण घासलेल्या धातूवर ऑक्साइड तत्काळ पुन्हा जमू लागते. ओली एपॉक्सीच पॉलिश पेपरने धातूवर घासली तर पकड अधिक चांगली मिळते. पैसे वाचवायचे ते मजुरीत वाचवावेत, या सफाईत घाई करून नव्हे.

पत्र्याला तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना साधारण तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग त्याच जातीच्या ॲल्युमिनियमचे, कोपरे गोल केलेले ठिगळ सीलंट लावून रिव्हेटने बसवावे. ज्योतीने वितळवून लावायच्या स्वस्त कांड्यांची जाहिरात खूप होते, पण त्या उष्णतेने पत्रा मऊ पडतो आणि शेजारचा सीलंट जळतो. पातळ पत्र्याचे वेल्डिंग कुशल कारागिरावरच सोपवावे.

काम पुरते सुकल्यावर पाणी भरून पुन्हा तपासणी करावी. सीलंटला त्यासाठी आठवडाही लागतो. बसायच्या फळ्यांखालचा फोमही याच वेळी चाचपून पाहावा. वर्षानुवर्षे गळलेल्या होडीत तो पाणी पिऊन जड झालेला असतो, आणि असा फोम बदलला नाही तर पाणी भरल्यावर होडीला तरंगत ठेवायला तो उपयोगी पडत नाही.