केंद्रक कच्चे राहते तेव्हा

"रक्तवाढीच्या गोळ्यांनी मूल मोठं होतं, बाळंतपण अडतं," असे चंदगडच्या माझ्या दवाखान्यात एखाद्या सासूबाई अजून सांगतात. तसे काही नाही.

पेशीत दुहेरी पडद्याचे केंद्रक असते. आनुवंशिक गुणांची वही, म्हणजे डीएनए, त्यात असते. पेशी दुभंगण्याआधी या वहीची नक्कल व्हावी लागते. त्यासाठी फॉलिक ॲसिड हवे. ते कमी पडले की हाडांच्या मगजात घडणाऱ्या रक्तपेशी फुगतात, केंद्रक मात्र कच्चेच राहते आणि पांडुरोग होतो.

मुंबईत १९२८ पासून डॉ. ल्युसी विल्स यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांत हाच रोग अभ्यासला. यीस्टच्या अर्काने तो बरा झाला. त्यातले गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड ठरले.

पालेभाजीत ते असते, पण आपण भाजी उकडून पाणी ओतून देतो! म्हणून गोळी हवीच, शक्यतो दिवस जाण्याआधीपासून.