वळच्या गोदामातून दिसणारी अमेरिका

अमेरिकेच्या राजकारणाविषयी आपल्याला दर चार वर्षांनी उमाळा येतो. अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली, की रिपब्लिकन म्हणजे उजवे, डेमोक्रॅट म्हणजे डावे, अशी ढोबळ वाटणी करून आपण चर्चेला बसतो. त्यातला 'उजवा' म्हणजे बंदूकवाला, चर्चमध्ये जाणारा आणि परदेशी माणसाकडे संशयाने पाहणारा इसम, असे एक चित्र आपल्या मनात पक्के झालेले असते. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. पण ते फार अपुरे आहे. प्रस्तुत लेखकाचा कल याच उजव्या विचाराकडे असल्याने त्याची बाजू मांडण्याचा हा प्रयत्न. त्यासाठी वॉशिंग्टनला जाण्याची गरज नाही. भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव पुरेसे आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'कॉन्झर्व्हेटिव्ह'चे भाषांतर आपण 'पुराणमतवादी' असे करतो आणि तिथेच घोटाळा होतो. पुराणमतवादी म्हटले, की डोळ्यांपुढे सोवळे-ओवळे उभे राहते. अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह ज्या गोष्टीचे जतन करू पाहतो, ती मुख्यतः १७८७ साली लिहिलेली राज्यघटना आणि तिच्यामागचा सत्तेविषयीचा अविश्वास. सत्ता एका हाती एकवटू नये, ती नागरिकाच्या शक्य तितक्या जवळ असावी आणि शासनाने थोडीच कामे करावीत, हा त्या विचाराचा गाभा होय. १७९१ साली झालेल्या दहाव्या घटनादुरुस्तीने हेच लेखी करून ठेवले. केंद्राला न दिलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील, असे ती सांगते.

जकातीची सावली

आता वळकडे येऊ. अंजूर फाटा आणि माणकोलीच्या परिसरात एकेकाळी भातशेती होती. आज तिथे गोदामांच्या रांगा आहेत. औषधे, कपडे, फ्रीज, मोबाइल, साबण अशा मुंबईकराच्या घरात येणाऱ्या असंख्य वस्तूंचा मुक्काम आधी या पट्ट्यात पडतो. ही गोदामे इथेच का आली? मुंबई-नाशिक महामार्ग, न्हावा-शेवा बंदराचे अंतर, स्वस्त जमीन ही कारणे खरीच. पण मूळ कारणांत एक मोठे कारण होते जकात. मुलुंड, ऐरोली, दहिसर, मानखुर्द येथील नाके ओलांडून माल मुंबईत शिरला, की महापालिकेची जकात भरावी लागे. मग व्यापाऱ्याने साधा हिशेब केला. माल हद्दीबाहेर साठवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा. जो माल पुढे नाशिकला किंवा पुण्याला जायचा, त्यावर मुंबईची जकात भरायचीच कशाला? कोणत्याही नियोजन आराखड्याने ठरवण्यापूर्वी कराच्या एका सीमारेषेने भिवंडीचा भूगोल ठरवून टाकला होता.

अमेरिकी उजवा विचार नेमके हेच सांगतो. कर हा केवळ तिजोरी भरण्याचा मार्ग नसतो. तो माणसांची वागणूक बदलतो. त्यांच्याकडचे वळ पाहायचे असेल, तर न्यू हॅम्पशायर राज्याच्या दक्षिण सीमेवर जावे. अमेरिकेत आपल्या वस्तू व सेवा करासारखा देशव्यापी विक्रीकर नाही. तो राज्ये ठरवतात. मॅसॅच्युसेट्समध्ये २००९ पासून हा कर ६.२५ टक्के आहे, तर शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये शून्य. परिणामी सीमेलगतच्या सेलम आणि नॅशुआ या गावांत मोठमोठी दुकाने उभी राहिली आणि बोस्टनकर दूरचित्रवाणी संच घ्यायला गाडी काढून तिकडे जाऊ लागले. गंमत म्हणजे, करांना एवढे नाके मुरडणारे हे राज्य महामार्गालगत स्वतःच दारूची दुकाने चालवते. तत्त्वज्ञान कितीही शुद्ध असले, तरी रस्त्यावरचे बर्फ उपसायला पैसा लागतोच!

मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली. नाक्यावरच्या रांगा आणि तिथला चिरीमिरीचा व्यवहार संपला, याचे दुःख कोणी करू नये. गोदामे मात्र गेली नाहीत; ऑनलाइन खरेदीमुळे ती वाढलीच. तथापि, एका गोष्टीची चर्चा आपण पुरेशी केली नाही. जकात वाईट होती, पण ती महापालिकेची स्वतःची कमाई होती. तिच्या जागी राज्य सरकारकडून येणारी नुकसानभरपाई आली. म्हणजे जी संस्था कमावती होती, ती एका फटक्यात महिन्याच्या मनीऑर्डरची वाट पाहणारी झाली. जो पैसा देतो, त्याच्याच तोंडाकडे पाहावे लागते, हे घरात खरे असेल, तर शासनव्यवस्थेत खोटे कसे ठरेल?

गावाचा पैसा, गावाची सभा

अमेरिकेतील सामान्य माणसाचे राजकारण दूरचित्रवाणीवर दिसते तेवढे अध्यक्षाभोवती फिरत नाही. ते घरपट्टीच्या बिलाभोवती फिरते. न्यू जर्सीतील एका आप्तांच्या घरी ते बिल पाहण्याचा योग आला होता. रक्कम पाहून छाती दडपली, कारण देशातील सर्वांत जड घरपट्टी असलेल्या राज्यांत न्यू जर्सीची गणना होते. पण लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. त्या कागदावर शाळेला किती, गावाला किती आणि काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, किती हे वेगवेगळे छापलेले होते. कर भरणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो, हे कळत होते. म्हणूनच शाळेच्या अंदाजपत्रकावर तो चिडून बोलू शकत होता. अमेरिकेत सुमारे १३ हजार शालेय जिल्हे आहेत आणि त्यांतील बहुतेकांची मंडळे लोक निवडून देतात.

न्यू इंग्लंडमधील लहान गावांत तर याहून जुनी प्रथा आहे. मार्च महिन्यात 'टाउन मीटिंग' भरते. विषयपत्रिकेला तिथे 'वॉरंट' म्हणतात. बर्फ हटवण्याचा नवा ट्रक घ्यावा की जुना दुरुस्त करावा, ग्रंथालयाला किती द्यावे, यावर गावकरी उभे राहून बोलतात आणि हात वर करून मत देतात. ठरावीक संख्येच्या मतदारांनी सह्या केल्या, की त्यांचा विषय पत्रिकेत घ्यावाच लागतो. त्या सभांनाही आता पूर्वीसारखी गर्दी होत नाही, ही गोष्ट निराळी.

आपल्याकडे हे नाही काय? आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची प्रथाही महाराष्ट्रात रूढ झाली. उणीव सभेची नाही. सभेच्या हाती काय आहे, याची आहे. वळसारख्या गावात ग्रामपंचायत घरपट्टी घेते. बांधकाम आराखड्याचा अधिकार एमएमआरडीएकडे. जमिनीच्या कामांसाठी महसूल खात्याचा उंबरठा. आणि आग लागली, की बंब धावतो तो शेजारच्या महापालिकेचा. चौघांच्या हाती एकेक दोरी आहे आणि गाठ कोणाच्याच हाती नाही.

या स्थानिकतेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. शाळा घरपट्टीवर चालत असेल, तर श्रीमंत गावाची शाळा उत्तम आणि गरीब गावाची कंगाल, असे होणारच. न्यू जर्सीतच 'अॅबट विरुद्ध बर्क' या १९८५ पासून गाजलेल्या खटल्यांत न्यायालयाने राज्याला गरीब शहरांच्या शाळांसाठी अधिक पैसा देणे भाग पाडले. अमेरिकी उजव्यांना हा हस्तक्षेप रुचत नाही. माझ्या मते इथे त्यांचे चुकते. मुलाने कोणत्या गावात जन्म घ्यावा, हे मूल ठरवत नसते.

शासन थोडे, पण खमके

या विचारावरील सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वळमध्येच उभा आहे. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे एक इमारत कोसळली. खाली गोदाम आणि वर कामगारांची बिऱ्हाडे, अशी तिची रचना होती. आठ जणांचा बळी गेला. भिवंडीच्या गोदामपट्ट्यातील परवानगीविना झालेल्या बांधकामांचा प्रश्न तर त्याआधीही वर्षानुवर्षे गाजत होता. मग वाचकाने विचारावे, की शासन कमी करा म्हणणाऱ्यांना हेच हवे आहे काय?

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी फ्लोरिडाकडे पाहावे. २४ जून २०२१ रोजी मायामीजवळच्या सर्फसाइड येथे समुद्रकिनारी असलेल्या बहुमजली इमारतीचा मोठा भाग मध्यरात्री कोसळला आणि ९८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या राज्यात सत्ता रिपब्लिकनांची आणि गव्हर्नर रॉन डिसँटिस हे तर उजव्यांचे लाडके. तरीही मे २०२२ मध्ये त्याच राज्याने तीन किंवा अधिक मजल्यांच्या सहनिवासी इमारतींची ठरावीक वयानंतर सक्तीने संरचनात्मक तपासणी करण्याचा आणि दुरुस्तीसाठी निधी राखून ठेवण्याचा कायदा केला. त्याचा बोजा निवृत्त वृद्धांवर एवढा पडला, की २०२५ मध्ये काही सवलती द्याव्या लागल्या. पण तपासणी रद्द झाली नाही.

यात विसंगती आहे, असे मला वाटत नाही. मर्यादित शासन म्हणजे दुबळे शासन नव्हे. माझ्या भिंतीला रंग कोणता द्यावा, हे शासनाने सांगू नये; पण ती भिंत दुसऱ्याच्या अंगावर पडणार नाही, हे पाहणे त्याचे पहिले कर्तव्य आहे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. शासन शंभर ठिकाणी हात घालते, शंभर दाखले मागते आणि जिथे खांबाची जाडी मोजायची, तिथेच ते गैरहजर असते. वळपाड्याच्या दुर्घटनेत शासन कमी पडले, ते नियम थोडे होते म्हणून नव्हे. नियम पुष्कळ होते आणि उत्तरदायी कोणीच नव्हता म्हणून.

फराळाचा डबा आणि आयात शुल्क

आता ज्याविषयी उजव्यांमध्येच फूट आहे, त्या विषयाकडे वळू. २०२५ साली अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आयात शुल्काचे हत्यार उपसले. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लागले. २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफीही गेली. नवी व्यवस्था कशी पाळायची, हे विमान कंपन्यांनाच उमगेना. म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबवले, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केले. तोवर दिवाळीला आठवडाही उरला नव्हता. टपालाने चकल्या-अनारसे पाठवणाऱ्या कितीतरी मराठी घरांना वॉशिंग्टनचे राजकारण तेव्हा प्रथमच स्वयंपाकघरात जाणवले असेल.

ज्याला आपण अमेरिकी उजवा विचार म्हणतो, त्यात हे बसते काय? माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. आयात शुल्क हा करच. तो भरतो तिथला आयातदार आणि अखेरीस बराचसा तिथलाच ग्राहक. शिवाय अमेरिकी घटनेच्या पहिल्याच कलमाने कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला दिला आहे. अध्यक्षांनी आधार घेतला तो १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा. याला आव्हान देणाऱ्यांत मद्याचा एक छोटा आयातदार होता आणि त्याचा खटला लढवणारी संस्था डावी नव्हती. मर्यादित शासनाचा पुरस्कार करणारीच होती. मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने अध्यक्षांच्या विरोधात कौल दिला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. स्वतःच्याच गोटातील अध्यक्षाला घटनेची वेस दाखवण्यासाठी न्यायालयात जाणे, हीच जतन करण्याजोगी परंपरा होय. व्यक्तीपेक्षा नियम मोठा, हे तिचे सूत्र.

अमेरिकेचे अनुकरण करा, असे सांगण्याचा हेतू नाही. त्यांच्या आजारपणाची बिले आणि शाळांतील गोळीबार पाहता त्यांनीही बरेच शिकण्यासारखे आहे. घेण्यासारखे एवढेच, की कर जिथे भरला जातो, तिथे त्याचा हिशेब दिसावा. अधिकार ज्याच्याकडे, जबाबदारीही त्याच्याकडेच असावी. आणि शासनाने कामे थोडी घ्यावीत, पण ती चोख करावीत. वळच्या ग्रामसभेत एखाद्या गावकऱ्याने उठून विचारावे, की गेल्या वर्षी किती गोदामांचे खांब तपासले? आणि त्याचे उत्तर देणे ज्याला बंधनकारक आहे, असा एकतरी माणूस समोर बसलेला असावा. त्या आठ जणांच्या मृत्यूनंतर एवढी अपेक्षा उजव्यानेही करावी आणि डाव्यानेही.