पदवी आणि संशोधन यांच्यामधील काळ

पदवी पदरात पडली, परंतु पुढील संशोधनास अद्याप आरंभ झालेला नाही, असा एक काळ पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वाट्यास येतो. या काळात कोणते काम पत्करावे? अभ्यासविषयाबाहेरची नोकरी म्हणजे वाया गेलेली वर्षे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती कितपत खरी आहे, हे आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या उदाहरणावरून पाहू.

आइन्स्टाइन १९०० मध्ये झुरिचच्या पॉलिटेक्निकमधून उत्तीर्ण झाले. सहाध्यायांना तेथेच साहाय्यकाच्या जागा मिळाल्या. आइन्स्टाइन यांना मिळाली नाही. ठिकठिकाणच्या प्राध्यापकांना लिहिलेली पत्रेही निष्फळ ठरली. १९०१ मध्ये त्यांनी विंटरथूर येथे काही महिने बदली शिक्षकाचे आणि नंतर शाफहाउझेन येथे खाजगी शिकवणीचे काम केले. त्याच वर्षी झुरिच विद्यापीठास सादर केलेला प्रबंध त्यांनी पुढे मागे घेतला. अखेर मार्सेल ग्रोसमान या मित्राच्या वडिलांनी शब्द टाकला, आणि जून १९०२ मध्ये आइन्स्टाइन बर्न येथील पेटंट कार्यालयात तृतीय श्रेणीचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. वार्षिक वेतन ३,५०० फ्रँक होते.

तेथे यंत्रांच्या आकृत्या व वर्णने तपासून, त्यांतील नवे तत्त्व कोणते याचा निवाडा करावयाचा असे. शोधकाचे म्हणणे चुकीचे आहे असे समजूनच अर्ज हाती घ्यावा, ही संचालक हालर यांची शिकवण होती. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास हे काम चाले. तथापि कचेरी सुटल्यावर मन मोकळे राही. हाबिश्ट व सोलोविन या मित्रांसमवेत वाचन आणि वादविवाद होत. याच नोकरीत असताना, १९०५ मध्ये, रेणूंच्या आकारमानावरील त्यांचा प्रबंध झुरिच विद्यापीठाने डॉक्टरेटसाठी स्वीकारला. विशिष्ट सापेक्षतेवरील निबंधही त्याच वर्षीचा.

कचेरीमुळे सापेक्षता जन्मास आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आइन्स्टाइन यांनी ही नोकरी धरली ती चरितार्थासाठीच. परंतु तिने त्यांच्या चिकित्सक बुद्धीस रोजचा व्यायाम दिला आणि अभ्यासाची उमेदही शिल्लक ठेवली.

तेव्हा प्रयोगशाळेतील जागा असो, शाळेतील वर्ग असो की कारखान्यातील तपासणी असो, काम पत्करण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. या कामाने माझी पारख वाढेल काय? आणि संध्याकाळी पुस्तक उघडण्याइतके बळ माझ्यात उरेल काय? पदाचे नाव व विषयाचे साम्य यांचा विचार त्यानंतर करावा.